रिकामी कडी

हात वर करा, सिस्टर. असा नाही, खांद्यापासून. दोर काखेतून घेऊन वर गाठ मारायची असते. गुदगुल्या झाल्या तर हसा, पण हलू नका. कडी सैल राहिली तर उद्या लाटेत निसटाल आणि घट्ट झाली तर हात काळानिळा पडेल, मग दवाखान्यात तुम्हीच तुमच्यावर उपचार करत बसाल.

झालं. एवढंच माप हवं होतं. आता टेका जरा, चहा ठेवलाय. तुमच्या दवाखान्याचं छप्पर पत्र्याचं, त्यामुळे उद्या तुम्ही आमच्या गल्लीबरोबर चालायचं. रेडिओवाला सकाळपासून घसा फोडतोय की उद्या दुपारी वादळ बेटावर येऊन थडकणार. आम्हाला ते आधीच कळलं होतं. कुत्री एका जागी बसेनात. वाऱ्याला ओल्या लोखंडाचा वास येतोय. आणि माणसं तर विचारूच नका. शेजारीण सारखी येऊन विचारतेय, खिडकीच्या फळ्या आतून ठोकू की बाहेरून. बाहेरून ठोक म्हटलं की जाते आणि पुन्हा येते. जन्म गेला तिचा या बेटावर, तिला का ठाऊक नाही? पण हात रिकामे राहिले की भीती वाटते, म्हणून येते बिचारी.

वर ठोकाठोकी चाललीय ती ऐकू येतेय ना? तो माझा धाकटा दीर. पत्रे आवळतोय. आधी शेजारणीचे आवळले, मग शिक्षकांचे, आता आमचे. कामाला वाघ आहे. सगळी गल्ली त्याचं नाव काढते.

हा दोर बघून तुम्हाला हसू येतंय, कळतंय मला. नव्या माणसाला येतंच. पण तो बांध पाहिलाय ना तुम्ही? आमची गल्ली सखल भागात, पाणी आधी आमच्याच उंबऱ्याशी येतं. टेकडीवरचं जुनं मिठाचं गोदाम तेवढं भक्कम. दगडी, एकही खिडकी नसलेलं, एकच दार. वादळात सगळ्यांनी तिथे जमायचं. आणि गल्लीतून टेकडीवर जायला तो अरुंद बांध, दोन्ही अंगांना समुद्र. वेळेत निघू म्हणून दर वेळी ठरवतो, पण कोणाची होडी ओढायची राहते, कोणाची शेळी सापडत नाही, आणि निघेपर्यंत वारा सुटतोच. मग त्या बांधावर शेजारचा माणूस दिसत नाही की त्याचं ओरडणं ऐकू येत नाही. म्हणून हा दोर. प्रत्येकाची एक कडी, त्यात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि चालायचं. पुढचा माणूस मधूनमधून दोराला हिसका देतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे मागे जातो. शेवटच्यानं उलट हिसका दिला की तो तसाच पुढे येतो. म्हणजे पुढच्याला कळतं, सगळे आहेत.

दोर बांधते ती गल्लीतली एकच बाई. आता मी, माझ्याआधी माझ्या सासूबाई. बांधणारीची आणखी दोन कामं असतात. गोदामाचं दार वाऱ्यानं असं आपटतं की बोटं तुटावीत, म्हणून तिनं आधी आत जाऊन उंबऱ्याशी उभं राहायचं, दोर ओढायचा आणि एकेकाला हाक मारायची. हाक आल्याशिवाय बाहेरच्यानं पाऊल उचलायचं नाही. मरणाचा पाऊस असला तरी उभं राहायचं. हे लक्षात ठेवा, उद्या घाई करू नका. दुसरं काम सुरीचं. कोणी बांधावरून खाली गेला आणि बाकीच्यांना ओढायला लागला, तर दोर कापायचा. सुरी तिच्याच कमरेला असते, दुसऱ्या कोणाजवळ नाही.

आं? काय म्हणालात?

हळू बोला... तुमच्या मागे आणखी एक कडी आहे, हे तुमच्या लक्षात आलं तर. डोळे चांगले आहेत तुमचे. थांबा, दार लोटून घेते. वर हातोडा वाजतोय तोवर सांगते. तो थांबला की मीही थांबेन, आणि आपण मापाचं बोलत होतो, समजलं?

आमच्या दोराचा एक नियम आहे. जेवढी माणसं तेवढ्याच कड्या. माणूस गेला की त्याची कडी त्याच दिवशी सोडायची. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गल्लीत गेली की तिची सोडायची. रिकामी कडी दोरात कधी ठेवायची नाही. मी नवी नवरी असताना का म्हणून विचारलं होतं, तर सासूबाई म्हणाल्या, जागा करून ठेवलीस तर आलेल्याला दोष कसा देशील? मला हसू आलं होतं. त्यांच्यासमोर नाही हं, चुलीपाशी जाऊन हसले. सासूबाई म्हणजे करडा कारभार. त्यांचा नियम मोडायची कोणाची छाती नव्हती. आणि शेवटी मोडला तो त्यांनीच.

ही गोष्ट मागच्या मोठ्या वादळाची. त्यानंतर आलेली वादळं बाजूनं निघून गेली, हे उद्याचं पहिलंच त्या तोडीचं. तेव्हा घरात आम्ही असे होतो: सासूबाई, माझा नवरा, मी, माझा धाकटा दीर आणि त्याची बायको. तिला मी धाकटीच म्हणते. तिला दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं.

आणि दीर... त्याला सगळे उचापत्या म्हणायचे. आळशी म्हणजे इतका की जाळं वाळत घातलं तर काढायला दुसऱ्याला पाठवायचा. दोर कधी नीट गुंडाळून ठेवणार नाही, दिसेल तिथे फेकणार. मला फौजदार म्हणायचा. "फौजदार, आज भात करपला का? सरकारी चौकशी लावू का?" चिडून मी अंगावर धावले की माझी करंगळी धरून पिरगळायचा आणि पळायचा. लग्न झालं तरी ती सवय गेली नाही. दोराच्या तालमीत सगळे एक साधा हिसका द्यायचे आणि हा पठ्ठ्या लहानपणापासून एक लांब आणि दोन बारीक. सासूबाई ओरडायच्या की दोर म्हणजे खेळणं नाही. पण तो हिसका आला की मान फिरवून हसायच्या, मी पाहिलंय. शेंडेफळ होता तो त्यांचा.

वादळाच्या आदल्या दिवशी तो होडी घेऊन गेला. सगळ्यांनी नको म्हटलं. जाळी टाकलीत ती काढून आणतो, दिवस मावळायच्या आत येतो म्हणाला. जाताना माझी करंगळी पिरगळून गेला. रात्र झाली, सकाळ झाली, तो नाही. माझा नवरा किनाऱ्यावरून हलेना. धाकटी दाराची चौकट धरून उभी, ना पाणी पिते ना बसते. दुपारपर्यंत आभाळ इतकं काळं झालं की घरात कंदील लावावा लागला. गल्लीतले लोक सामान घेऊन दारात उभे. आमच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला होता, पण निघू या म्हणायला कोणाची जीभ रेटेना.

शेवटी सासूबाईच उठल्या. धाकटीला म्हणाल्या, तुझ्या पोटात त्याचंच आहे, ते आधी वर नेऊ. धाकटी तयार झाली. आम्ही दोर धरला. पुढे माझा नवरा, त्याच्यामागे सासूबाई, मग गल्ली, मग धाकटी आणि शेवटी मी. शेवटून उलट हिसका द्यायचं काम माझं. माझी कडी खांद्यावर चढवली आणि बघते तर दोर माझ्यापाशी संपतच नव्हता. मागे हातभर दोर आणि त्याच्या टोकाला आणखी एक कडी. मोठी, पुरुषी खांद्याच्या मापाची.

मी पुढे जाऊन सासूबाईंना गाठलं. म्हटलं, "आई, ही कोणाची?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गाठी चाचपत राहिल्या.

"धाकटा वाटेत भेटला तर... कशाला धरेल?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मलाही तो हवा होता हो. माझ्या भाताला नावं ठेवायला मला तो हवा होता. मी मागे येऊन उभी राहिले आणि आम्ही निघालो.

बांधावर पाय ठेवला आणि वाऱ्यानं तोंडातला श्वास हिसकावून घेतला. डोळे उघडावेत तर खारं पाणी सपासप लागतंय. समोर धाकटीची पाठ, तीही मधूनमधून दिसेनाशी होत होती. पुढून हिसका आला, धाकटीनं मला दिला, मी उलट दिला. मागची रिकामी कडी चिखलात घसटत येत होती. तिचं वजन मला कळत होतं, भिजलेल्या दोराचं असतं तेवढंच. मग चालता चालता ते वजन कमी झालं. कोणी ती कडी जमिनीवरून उचलून घ्यावी तसं.

मला वाटलं, वाऱ्यानं उडाली असेल. पुढून पुन्हा हिसका आला. मी उलट देणार, तेवढ्यात माझ्या मागून आला. एक लांब... दोन बारीक.

त्याचाच हिसका, सिस्टर. मागे वळून बघितलं तर पावसाच्या भिंतीत नुसता एक उभा आकार, वाकलेला, खांदा कडीत घातलेला. तोंड दिसेना. मी ओरडले, पण माझं मलाच ऐकू आलं नाही. तेवढ्यात उजवीकडून लाट आली.

ती लाट मी कधी विसरणार नाही. बांधच दिसेनासा झाला. धाकटी आडवी झाली, तिच्या पुढचे दोघं पडले, दोर माझ्या काखेत करकचला आणि मी बांधाच्या कडेला ओढली गेले. एक पाय खाली, पाण्यात. सगळी गल्ली एकामागून एक जाणार हे मला स्पष्ट कळलं. आणि मागून दोर ताठ झाला. कोणीतरी मागे पाय रोवून उभं होतं. एकटं, इतक्या माणसांचा भार घेऊन. लाट ओसरेपर्यंत तो दोर तसूभर हलला नाही.

मी उठले, धाकटीला उठवलं, तिच्या कानाला तोंड लावून सांगितलं, आलाय तो, मागे आहे. ती रडायला आणि हसायला एकदमच लागली. मी मागे हात लांब केला. बोटांना बोटं लागली. गार होती, पण माझीही गारच होती. त्या बोटांनी माझी करंगळी शोधली आणि पिरगळली.

मग मला कसली भीती? उरलेला बांध मी जवळजवळ नाचत पार केला. मनात म्हणत होते, आत चल तू, अशी कानशिलात देते की फौजदार म्हणजे काय ते कळेल.

ठोकतोय ना अजून? हां. ऐका.

गोदाम लोहारानं उघडलं होतं. किल्ली त्याच्याकडेच असायची. सासूबाई आत जाऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, दोर ओढून एकेकाला हाक मारायला लागल्या. गल्ली आत गेली. धाकटी आत गेली, जाताना सासूबाईंच्या कानात सांगून गेली, तो आलाय. सासूबाईंचा चेहरा मी बाहेरून पाहिला. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर तसं काही मी बघितलं नव्हतं. मग मला हाक आली, मी उंबरा ओलांडला. आता एकच राहिला. दोर दारातून बाहेर गेलेला, ताठ, आणि पलीकडे काळोख. सासूबाईंनी दोन्ही हातांनी दोर धरला, हाक मारायला तोंड उघडलं.

आणि पाठीमागून, गोदामाच्या आतून, आवाज आला.

"आई... मी इथं आहे."

सगळे वळले. मिठाच्या रिकाम्या पोत्यांपाशी तो उभा होता. आमचा दीर. तेच नाक, तेच कपाळ, भुवईवरची खूण तीच. म्हणाला, होडी उत्तरेच्या किनाऱ्याला लागली, टेकडी चढून थेट इकडेच आलो. धाकटी जाऊन त्याच्या छातीवर पडली. माझ्या नवऱ्यानं त्याला मिठी मारली. गल्ली रडत होती, हसत होती, आणि मी दोराकडे बघत होते. दोर ताठच होता.

हळूहळू सगळ्यांच्या ते लक्षात आलं. माझ्या नवऱ्यानं कंदील दारापाशी नेला, तो विझला. बाहेर कोण आहे म्हणून ओरडून पाहिलं, पण वारा दारावरून आडवा धावत होता, बाहेरचा शब्द आत येण्याआधीच उडून जात होता. बाहेरचा जो कोणी होता तो पुढे आला नाही. यायचा कसा? त्याला हाक आली नव्हती. नियमानं वागत होता तो, आयुष्यात पहिल्यांदा.

मग दोर हलला. एक लांब, दोन बारीक.

सासूबाईंच्या हातात आला तो हिसका. त्यांनी आतल्याकडे पाहिलं, मग दाराकडे. लोहार म्हणाला, कापा, दार लावू द्या, पाणी आत येतंय. मी म्हटलं, "थांबा... त्यानं माझी करंगळी..." पण पुढे काय सांगू? ज्यानं पिरगळली असं मी म्हणत होते तो डोळ्यांसमोर उभा होता, बायकोला थोपटत होता. ती त्याला सोडेना. तिच्या पोटाकडे बघून सासूबाईंनी कमरेची सुरी काढली.

"रिकामी ठेवली ती मी," एवढंच म्हणाल्या, आणि कापला.

वाटलं होतं, दोर सपकन बाहेर ओढला जाईल. तसं झालं नाही. कापलेलं टोक उंबऱ्यावर तसंच पडून राहिलं. मग हळूहळू मागे सरकलं. कोणी हिरमुसून निघून जावं तसं. लोहारानं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी बांधावर दोर सापडला नाही. होडी मात्र सापडली, उत्तरेच्या किनाऱ्यालाच, तो म्हणाला तशी. फुटलेली नाही, तुटलेली नाही. आत दोरखंड नीट गुंडाळून ठेवलेला. नीट, सिस्टर. मी बघत राहिले. माझा नवरा म्हणाला, मरणाच्या दारातून आलेला माणूस सुधारणारच. काही दिवसांनी लोहार मला एकटीला गाठून म्हणाला की गोदामाचं कुलूप मी उघडलं, माझ्या हातांनी, आणि तेव्हाच आत अंधारात पोत्यांपाशी कोणीतरी उभं होतं, ते हाच. मी म्हटलं, उघडं राहिलं असेल. लोहार पितो, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नाही. ठेवायचाच नव्हता मला.

त्यानंतर घर सुखात आहे. खोटं कशाला बोलू? हा पहाटे उठतो, पाणी भरतो, कोणाला उलट शब्द बोलत नाही. माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलं नाही त्यानं. भात करपू दे, आमटीत मीठ दोनदा पडू दे, चाटूनपुसून खातो आणि म्हणतो, छान झालंय, वहिनी. वहिनीच म्हणतो. फौजदार हा शब्द मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. एकदा मुद्दाम भांडण उकरून काढलं, वाटेल ते बोलले. तो शांतपणे ऐकत राहिला. माझी करंगळी तिथेच होती, त्याच्या हातापाशी.

धाकटीला मुलगी झाली, तुमच्या दवाखान्यात गोड गोळ्या मागायला येते ती पोर. पुढे मूल झालं नाही. पोर जराशी मोठी झाल्यावर तालमीत तिला पहिल्यांदा कडी दिली. सासूबाई पुढे होत्या. हिसका मागे गेला आणि परत येताना मधेच, त्या पोरीकडून, एक लांब आणि दोन बारीक आला. तिला कोणी शिकवलं नव्हतं. सासूबाई तिथेच मातीत बसल्या. आणि हा आला, मुलीपाशी वाकला आणि गोड आवाजात विचारलं, हे तुला कुठून आलं गं?

त्या रात्री सासूबाईंनी त्याच्या हातात दोराचं टोक दिलं. मी तिथेच होते.

"लहानपणी ओढायचास तसं ओढ रे... आईसाठी."

त्यानं एकदा ओढलं. साधं. मग त्यांच्या तोंडाकडे बघून हसला.

"असंच ना?"

सासूबाई असंच म्हणाल्या. पुढे त्या फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटी मला जवळ बोलावलं, सुरी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "मी कोणाला कापलं गं?" सारखं तेच. धाकटीला विचारायची माझी हिंमत नाही. ती रात्री दिवा मालवत नाही, एवढं मला माहीत आहे.

म्हणून ही कडी, सिस्टर. तुमच्या मागची. नियम मोडून बांधलीय, शुद्धीत राहून बांधलीय. उद्या बांधावर मागून एक लांब आणि दोन बारीक आले तर घाबरू नका. त्यानं आम्हाला त्या लाटेतून धरून ठेवलं होतं, तुम्हालाही धरेल. तुम्ही फक्त तो हिसका पुढे पाठवा. गोदामाच्या दारात मी असेन. या वेळी त्याला हाक मारणार आहे मी, सगळ्या गल्लीसमोर, आतला काय म्हणेल ते म्हणो. इतकी वर्षं उभा आहे तो पावसात हाकेची वाट बघत. माझा दीर आहे तो. आणि ऐन वेळी मी घाबरले, माझा हात कमरेला गेला, तरी कापता येऊ नये म्हणून सुरी मी बरोबर नेणारच नाही. सकाळीच ट्रंकेत टाकून कुलूप लावलंय.

काय झालं? माझ्या मागे काय बघताय?

हातोडा... हातोडा कधी थांबला?

अरे, तू होय. ये ना, दारात का उभा? या आपल्या नव्या सिस्टर. कडीचं माप घेत होते. झाले पत्रे आवळून?

झाले म्हणतो. दमलायस, हात धुऊन घे, चहा देते. काय? नाही रे, काही विसरले नाही. दोर तयार आहे बघ.

"सुरी राहिली होती, वहिनी," तो म्हणतो. "गडबडीत विसराल, म्हणून मी घेतलीय बरोबर."

बरं केलंस. जा, हात धू.

...गेला. सिस्टर, जवळ या. पाहिलीत ना सुरी त्याच्या हातात? तीच, सासूबाईंची. आता ती ट्रंक बघा, पलंगाखाली. कुलूप ओढून बघा, लागलेलंच आहे. आणि त्याची किल्ली ही इथे, माझ्या कमरेला.